विहीणबाईंच्या चॅनलवाल्यांबरोबर तीन दिवस: विठ्ठलवाडी, अंबरनाथ, चामटोली

सगळ्यात आधी आली ती भोईरवहिनी, आणि तिला कोणी बोलावलंही नव्हतं. सकाळी साडेसातला दारात उभी. अंगावर लग्नकार्यातली मोरपंखी साडी, केसांत अबोलीचा गजरा आणि हातात रिकामी वाटी. म्हणे साखर संपली. घरात नवराबायको दोघांनाही डायबेटीस, तर साखर आणली होती कोणासाठी, हे मी विचारलं नाही. आत घेतलं. तिच्यामागून केबलवाला आला, महिना संपायला दहा दिवस असताना पैसे मागायला. त्यानेही भांग पाडलेला. आणि ज्यांच्यासाठी ही सगळी जत्रा जमली ते टीव्हीवाले पाहुणे आले पावणेअकराला, घामाघूम, कल्याण स्टेशनवरून भलत्याच रिक्षात बसून आधी उल्हासनगर फिरून. तर पहिली सूचना इथेच लिहून ठेवते. बाहेरगावाहून येणार असाल तर कल्याणला उतरून नुसतं "कॅम्प" म्हणू नका. उल्हासनगरात कॅम्प पाच आहेत आणि रिक्षावाला तुम्हाला त्याच्या सोयीच्या कॅम्पात सोडतो.

पाहुणे म्हणजे दोघंच. जेबा नावाची मुलगी, पंचविशीची, कानात बारीक मोती, बोलायला लागली की हात थांबत नाहीत. आणि स्टीफन, कॅमेरावाला, जो तीन दिवसांत अकरा शब्द बोलला. मी मोजले नाहीत, प्रियाने मोजले. प्रिया माझी नात, बारा वर्षांची. हे सगळं मी वहीत लिहिते आणि ती कॉम्प्युटरवर टाइप करून तिच्या ब्लॉगवर टाकते. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यामुळे ऱ्हस्वदीर्घ तिचं, बाकी सगळं माझं.

दोघांनी दारात चपला काढल्या, हात जोडले आणि "स्तोत्रम" म्हणाले. तमिळ ख्रिस्ती लोकांचा तो रामराम. मी "जय भीम" म्हटलं. भोईरवहिनी "नमस्कार" म्हणाली. केबलवाल्याला काय म्हणावं सुचेना, त्याने पावतीपुस्तक खिशात घातलं.

आता आमच्या घरी तमिळ टीव्हीवाले कशाला आले ते सांगते. आमच्या अंबरनाथ पश्चिमेच्या दोन खोल्यांत दोन आज्या आहेत. एक मी आणि दुसरी माझी विहीण ज्ञानम्मा. माझ्या मिलिंदने तिच्या सेल्वीशी लग्न केलं त्याला चौदा वर्षं झाली. आम्ही बौद्ध, ते तमिळ ख्रिस्ती. ज्ञानम्मा आणि मी एकाच कारखान्यात पॅकिंगला होतो, शेजारशेजारच्या टेबलांवर, त्यामुळे पोरांनी आम्हाला फसवलं असं म्हणता येत नाही, त्यांची ओळख आमच्याच डब्यांवर झाली. व्याही गेल्यावर ज्ञानम्मा एकटी पडली. मी जाऊन तिची ट्रंक रिक्षात घातली आणि घेऊन आले. लोक म्हणाले, मुलीच्या सासरी कधी आई राहते का. मी म्हटलं, मुलीच्या सासरी नाही, ती तिच्या मैत्रिणीकडे राहते.

भांडण आमचं एकाच गोष्टीवरून. रिमोट. साडेसातला माझी मराठी मालिका आणि साडेसातलाच तिचं तमिळ चॅनल. त्यांच्या ख्रिस्ती लोकांचं छोटं चॅनल आहे ते, तिकडे दक्षिणेत तिरुनेलवेलीच्या बाजूला त्याचं ऑफिस. त्यात भजनं, उपदेश, कुणाच्या गावी कसली जत्रा, कोणाचं लग्न. इकडच्या केबलवर ते मिळायचं नाही. मीच केबलवाल्याकडे चार खेपा घातल्या. तो म्हणाला, मावशी, मद्रासी चॅनल आहेत ना तीन. मी म्हटलं, चपलेच्या दुकानात सगळ्यांना एकाच मापाची चप्पल देतात का. पाचव्या खेपेला ज्ञानम्माने विठ्ठलवाडीच्या प्रार्थनेच्या हॉलातल्या चाळीस लोकांच्या सह्या आणल्या, तेव्हा लागलं. माझी मालिका तेव्हापासून मी दुसऱ्या दिवशी दुपारी बघते. आपणच खड्डा खणला, बोलायचं कोणाला.

पण साडेसातचा हट्ट का, ते मला बऱ्याच उशिरा कळलं. ज्ञानम्माची थोरली बहीण गावाकडे आहे, तिला सगळे पेरियक्का म्हणतात, म्हणजे मोठी अक्का. तिनेच ज्ञानम्माला लहानाची मोठी केली. सेल्वीचं लग्न ठरलं तेव्हा पेरियक्काने निरोप पाठवला, जातीबाहेर, धर्माबाहेर पोरगी दिलीस, पुन्हा मला तोंड दाखवू नकोस. ज्ञानम्माने पत्रं टाकली, उत्तर नाही. फोन केला, पलीकडून ठेवला. मग एका भाच्याकडून कळलं की पेरियक्काचे गुडघे गेलेत, ती आता घरातच असते आणि रोज संध्याकाळी साडेसातला हे चॅनल लावून बसते. झालं. तेव्हापासून ही इथे साडेसातला लावते. दोघी एकाच वेळी एकच गोष्ट बघतात. चौदा वर्षांत तेवढीच काय ती भेट.

आणि त्या चॅनलवर एक कार्यक्रम लागतो, गाव सोडून दूर राहिलेल्या त्यांच्या लोकांचा. घरातली सगळी माणसं उंबरठ्यावर येतात, एकेक जण आपलं नाव सांगतो, आपलं गाव सांगतो आणि शेवटी "हे माझं घर, या" असं म्हणतो. ज्ञानम्माने त्यांना नऊ पत्रं लिहिली. नवव्याला उत्तर आलं, आम्ही येतोय. त्या दिवशी ती मला म्हणाली, "संबंधीअम्मा, तोंड दाखवू नको म्हणाली ना ती. आता बघते कशी बघत नाही." संबंधी म्हणजे त्यांच्यात विहीण.

पहिला दिवस: विठ्ठलवाडी आणि उल्हासनगर

चहा, उपमा झाल्यावर आम्ही निघालो. जेबा, स्टीफन, त्याच्या कॅमेऱ्याची तीन पायांची घोडी, ज्ञानम्मा आणि मी. मला कोणी घेतलं नव्हतं, पण या दोघांना रस्ते कोण दाखवणार. निवृत्त झाल्यावर मी सहा वर्षं पापडलोणची विकली या भागात, एकेक गल्ली पायाखालची. अंबरनाथहून विठ्ठलवाडीला शेअर रिक्षाने जा, सीटला सात रुपये घेतात, वाटेत रस्ता खणलेला असेल तर आठ मागतात, देऊ नका.

वाटेत कॅम्प चारला थांबवून मी त्यांना दालपकवान खिलवलं. सिंधी लोकांचा नाष्टा हा. कुरकुरीत जाड पुरी आणि वर चण्याची डाळ, चिंचेची चटणी, कच्चा कांदा. जेबाने एक घास घेतला आणि स्टीफनकडे बघितलं. स्टीफनने आपली प्लेट संपवली, तिची संपवली, आणि स्तोत्रमनंतर त्याचं पहिलं बोलणं आलं, "वन मोर." दुकानदार खूश. म्हणाला, "साईं, साउथवालों को भी हमारा पकवान ही जमता है, इडली में क्या रखा है." ज्ञानम्माने ते ऐकलं आणि इडलीच्या बाजूने त्याला जे काही हिंदीत सुनावलं, त्यात चहाचे पैसे त्याने घेतलेच नाहीत.

प्रार्थनेचा हॉल बस डेपोच्या मागे आहे. खाली टायरचं दुकान, वर पत्र्याचा हॉल, निळ्या रंगाने रंगवलेला, खिडकीत कुंड्या. पंचवीसतीस बायका पांढऱ्या साड्या नेसून, डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या. त्यांनी गाणं सुरू केलं तेव्हा मी दाराशीच टेकून ऐकत राहिले. शब्द कळत नाहीत, पण ज्ञानम्माचा आवाज मी कारखान्यातल्या मशीनच्या आवाजातही ओळखायचे, तो इथे मोकळा सुटलेला.

आता टीव्हीवाल्यांची कामाची रीत मला तेव्हा कळली. एकदा गाऊन भागत नाही. पहिल्यांदा समोरून, मग बाजूने, मग नुसते हात, मग नुसते चेहरे, आणि दर वेळी गाणं पहिल्यापासून. मध्येच खालून टायरवाल्याचा हवा भरायचा पंप सुरू झाला की पुन्हा. सातव्या खेपेला मी खाली जाऊन टायरवाल्याला अर्धा तास पंप बंद ठेवायला सांगितलं. तो म्हणाला, धंदा आहे मौसी. मी म्हटलं, टीव्हीवर तुझ्या दुकानाची पाटी येतेय. पाटी यायची होती की नव्हती कोणास ठाऊक, पंप बंद झाला.

दुपारी कॅम्प दोनच्या कापडबाजारात. जेबाला भावासाठी जीनची पँट घ्यायची होती. इथे भाव करताना दुकानदार सांगेल त्याच्या निम्म्यावरून सुरू करा आणि चेहऱ्यावर काही दाखवू नका. ज्ञानम्मा या कामात माझी गुरू. ती पँट हातात घेते, उन्हात धरते, सुस्कारा सोडते आणि ठेवून देते. सुस्काऱ्यालाच पन्नास रुपये कमी होतात.

त्याच बाजारात उसाचा रस पिताना जेबाने तो विषय काढला. ज्ञानम्माशी तमिळमध्ये बोलली, हळू, ग्लासाकडे बघत. ज्ञानम्माचा चेहरा उतरला. मी विचारलं काय म्हणते, तर म्हणाली काही नाही, उद्याचं सांगते. मला या बाईने चाळीस वर्षांत कधी "काही नाही" असं म्हटलेलं नाही. घरी आल्यावर सेल्वीकडून कळलं. उंबरठ्याचा भाग आमच्या घरी करायचा नाही असं वरून सांगितलंय. घरातली सगळी माणसं त्यांच्यातली हवीत. आमच्या घरात तर अर्धी माणसं बौद्ध, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. म्हणून बदलापूरच्या पुढे चामटोलीला एक तमिळ कुटुंब राहतं, राजनचं, तिथलं दार ठरवून ठेवलंय आणि ज्ञानम्माने त्यांच्याबरोबर उभं राहून बोलायचं. आवाज चांगला आहे, गोष्ट चांगली आहे, फक्त दार दुसरं.

दुसरा दिवस: अंबरनाथ

दुसऱ्या दिवशी गावातच फिरलो. सकाळी शिवमंदिर. दगडातलं जुनं काम, हत्ती, नर्तकी, सगळं काळं पडलेलं तरी जिवंत. तिथे सकाळी आठच्या आत जा, नंतर ऊन दगडावरून तोंडावर येतं. शेजारच्या वालधुनीच्या पाण्याला त्या दिवशी जांभळा रंग होता, वरच्या कारखान्यांत जो माल निघेल तसा रंग येतो. जेबाने विचारलं, ही नदी रोज अशी असते का. मी म्हटलं, सोमवारी हिरवी होती.

मग आमचा जुना कारखाना. आता फाटकाला कुलूप. वॉचमन कॅमेरा बघून उभाच राहिला, नाही म्हणाला, मग आम्हा दोघींना ओळखून म्हणाला, बाहेरून काढा, मी पाठ करून उभा राहतो. ज्ञानम्मा फाटकाला धरून आम्ही कसं पॅकिंग करायचो ते सांगत होती आणि मी शेजारून हातांनी दाखवत होते. कॅमेरा आपल्याकडे आला की मी बाजूला व्हायचे. मला वाटलं, कशाला त्यांच्या कामात आपलं तोंड. स्टीफन मला हाताने परत बोलवायचा, मी परत सरकायचे. शेवटी जेबाने काहीतरी विचारलं आणि ज्ञानम्माने लांबलचक उत्तर दिलं. मी विचारलं काय सांगितलंस. म्हणाली, सांगितलं की ही लाजाळू आहे. आता मी लाजाळू असते तर पापड विकले गेले असते का, पण तमिळमध्ये माझं काही चालत नाही.

संध्याकाळी मी विचार केला. सेल्वी ऑफिसातून आली होती, मिलिंद यायचा होता. मी स्टूल घेतलं आणि भिंतीवरच्या दोन्ही तसबिरींपाशी गेले. म्हटलं, दोन दिवस आतल्या खोलीत ठेवू, बुद्ध काही रागावणार नाही, बाबासाहेबांनाही कळेल. मी आणि मिलिंद खाली भोईरवहिनीकडे जाऊन बसतो. मग दारात तुम्ही तिघीच, आणि चॅनलवाले इथेच शूटिंग करतील. मला खरंच काही वाटलं नव्हतं. बहिणीला बहीण दिसावी, एवढंच.

ज्ञानम्मा तांदूळ निवडत होती. ती उठली, माझ्या हातातून स्टूल काढून घेतलं आणि त्यावर स्वतः बसली. म्हणाली, "तसबिरीला हात लावायचा नाही. अक्काला खोटं घर दाखवायचं असतं, तर चौदा वर्षांपूर्वीच दाखवलं असतं. सांगितलं असतं सेल्वीचं लग्न झालंच नाही." नंतर तिने भाताला फोडणीही घातली, प्रियाला ओरडलीही, सगळं रोजच्यासारखं. पण साडेसातला टीव्ही लावला नाही. मी रिमोट तिच्या मांडीवर ठेवला, तर तिने तो मला परत दिला. मी मालिका लावली खरी, काय झालं त्यात विचाराल तर सांगता येणार नाही.

तिसरा दिवस: बदलापूर, चामटोली आणि परत

शनिवार होता, मिलिंद आणि सेल्वी दोघांनी सुटी घेतली. मिलिंदच्या मित्राची ओमनी मिळाली, दिवसाचं पेट्रोल आपलं. त्यात आम्ही पाच घरचे, दोन पाहुणे आणि घोडी. भोईरवहिनीला जागा नव्हती, ती खिडकीतून हात हलवत होती. ज्ञानम्माने ठेवणीतली डाळिंबी कांजीवरम काढली. गाडीत ती काही बोलली नाही. जेबा मात्र मधूनमधून तिचा हात धरायची. वाईट मुलगी नव्हती ती, नोकरी होती तिची.

बदलापूर ओलांडलं की रस्ता एकदम मोकळा होतो. दोन्ही बाजूला शेतं, आंब्याला मोहोर, वालाच्या शेंगा तोडायला बसलेल्या बायका. वाटेत शेंगा घ्या, स्टेशनबाहेर मिळतात त्यापेक्षा ताज्या असतात. मी गाडी थांबवायला लावली. एक म्हातारी बांधावरून विचारते, "कुठशी आलाव गो बाय?" मी म्हटलं, अंबरनाथहून, टीव्हीचं शूटिंग आहे. तिने गाडीत डोकावून स्टीफनकडे बघितलं आणि म्हणाली, याला तं कधी टीव्हीवर बघला नाय. स्टीफनला कोणी सांगितलं नाही ती काय म्हणाली, तरी तो हसला.

राजनचं घर गावाच्या टोकाला. बैठं, पुढे अंगण, केळी, दारावर कागदी चांदणी अजून नाताळची. राजन एका कंपनीत फिटर, बायको इडलीचं पीठ करून बदलापुरात देते. फार भली माणसं. आम्ही सात जण येऊन टपकलो तरी तिने तक्रार न करता अजून भात टाकला. कॉफी पितळेच्या वाटीपेल्यातून, फेसाळलेली. आधी राजन उंबरठ्यावर आला, नाव, गाव, "हे माझं घर, या." मग त्याची बायको. मग दोन मुली, त्यातली धाकटी गावाचं नाव विसरली आणि "चामटोली" म्हणाली. जेबाने पुन्हा विचारलं, पुन्हा चामटोली. तिचं बरोबरच होतं, ती जन्मली तिथेच.

मग ज्ञानम्मा. पदर सारखा केला, उंबरठ्यावर उभी राहिली. नाव सांगितलं. गाव सांगितलं. पुढे "हे माझं घर" म्हणायचं होतं. ती थांबली. स्टीफन कॅमेऱ्यातून बघतोय, जेबा ओठांनी शब्द सांगतेय, केळीच्या मागे कोंबडी ओरडतेय. ज्ञानम्मा उंबरठ्यावरून खाली उतरली. राजनच्या बायकोचे दोन्ही हात हातात घेऊन तिची माफी मागितली, आणि मग जेबाकडे वळून जे बोलली ते सेल्वीने मला नंतर जसंच्या तसं सांगितलं. "घर सुंदर आहे. पण माझ्या चपला रोज ज्या दारात असतात, ते दार अंबरनाथला आहे. अक्काने मला ओळखावं असं वाटत असेल तर तिथे चला. नाहीतर मला यातून काढून टाका, मी रागावणार नाही."

मला वाटलं, झालं, नऊ पत्रं पाण्यात. जेबा अंगणाच्या कडेला जाऊन फोनवर बोलत राहिली, मध्येच हात हलवायची, मध्येच गप्प ऐकायची. पंधरा मिनिटांनी आली. राजन म्हणाला, आधी जेवा, उपाशी माणसाने काही ठरवू नये. सांबार, अवियल म्हणजे नारळातली मिश्र भाजी, सुकी मासळी तळलेली. जेवण चालू असताना स्टीफनने घड्याळ बघितलं, आभाळ बघितलं आणि म्हणाला, "फोर थर्टी. लाइट गुड. गो." एका दमात त्याचे सगळ्यात जास्त शब्द हेच. जेबाने त्याच्याकडे बघितलं, मग ज्ञानम्माकडे, आणि पटापट भात कालवायला लागली. वरचे काय म्हणाले ते तिने सांगितलं नाही. आम्ही विचारलं नाही.

परत येताना ओमनीत ज्ञानम्मा इतकी बोलली की मिलिंदने दोनदा गाडी हळू केली. पावणेपाचला घरी. मजल्यावर सगळ्यांना खबर आधीच लागलेली, भोईरवहिनी त्याच साडीत, गजरा मात्र नवा. आमचं दार पश्चिमेला, ऊन तिरपं आत येतं, भिंतीवरच्या तसबिरींवर आणि खिडकीतल्या ज्ञानम्माच्या क्रुसावर सारखंच पडतं. स्टीफनने तिथे कॅमेरा लावला, दाराबाहेर.

ज्ञानम्माने या वेळी न थांबता सांगितलं. सेल्वीने सांगितलं. मिलिंदने पाठ केलेलं तमिळ सांगितलं, त्याला राजनच्या धाकटीपेक्षा जास्त वेळ लागला. प्रिया म्हणाली. मग जेबाने मला हाताला धरून उंबरठ्यावर आणलं आणि ज्ञानम्माने मराठीत समजावलं, तुमचं नाव सांगा, नवऱ्याचं नाव सांगा, गाव सांगा.

आता पंचायत अशी की नवऱ्याचं नाव मी कधी सरळ घेतलेलं नाही. माणूस जाऊन सात वर्षं झाली तरी जीभ वळत नाही. आणि गेलेल्याचं नाव बायकोने घ्यावं की नाही, असलं आमच्यात काही नाही. मी पदर खोचला आणि नेहमीच्या रीतीने घेतलं:

"उंबरठ्यावर रांगोळी, दाराला तोरण,
शांतारामांचं नाव घ्यायला विहीणबाईंचं कारण."

चालीत म्हटलं, उखाणा म्हणतात तसा. तर जेबाने डोळे मिटले, मान खाली घातली आणि गंभीरपणे म्हणाली, "आमेन." स्टीफननेही कॅमेऱ्यामागून आमेन म्हटलं. त्यांना वाटलं, ही आमच्यातली प्रार्थना. मिलिंद भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. भोईरवहिनीने पदर तोंडात कोंबला. मी ज्ञानम्माकडे बघितलं, म्हटलं आता ही सांगेल त्यांना. तिने काय करावं, तिनेही मान झुकवली आणि सगळ्यांच्या वरच्या आवाजात आमेन म्हणाली.

मग बाजूने घ्यायचं म्हणून जेबाने तेच पुन्हा म्हणायला सांगितलं. एकाच ठिकाणी तोच उखाणा दोनदा घ्यायचा म्हणजे काय, बायका हसतील. मी दुसरा घेतला:

"इडलीला तांदूळ, इडलीला डाळ,
शांतारामांच्या घरात दोन आज्यांत एक बाळ."

पुन्हा आमेन. तिसऱ्या खेपेला तिसरा. प्रिया म्हणते तिसरा छापायचा नाही, त्यात तिचं लहानपणीचं काहीतरी आहे. एकूण माझ्या नवऱ्यासाठी त्या दिवशी तीन माणसांनी तीनतीनदा प्रार्थना केली. चांगलाच माणूस होता, लागू पडेल.

घरी

रात्रीच्या गाडीने पाहुणे गेले, कल्याणला सोडायला मिलिंद गेला. जाताना दोघं माझ्या पाया पडले. जेबा म्हणाली, दाखवतील की नाही सांगता येत नाही, पण मी टेप कापणार नाही.

पुढच्या महिन्यात एका रविवारी साडेसातला लागलं. आमच्या दोन खोल्यांत त्या दिवशी एकवीस माणसं होती, केबलवाला धरून. विठ्ठलवाडीचा हॉल दाखवला, कारखान्याचं फाटक, राजनचं अंगण आणि शेवटी आमचं दार. तसबिरींसकट. माझा पहिला उखाणा पुरा दाखवला, खाली तमिळमध्ये पट्टी. सेल्वीने वाचलं, "घरातील ज्येष्ठ महिलेची प्रार्थना." ज्ञानम्मा टीव्हीकडे बघतच नव्हती. ती पडद्याच्या जरा वर, भिंतीकडे बघत होती, जसं काही पलीकडे कोणी बसलंय आणि तिला ऐकू येतंय का याचा अंदाज घेतेय.

नंतर दोन आठवडे काहीच नाही. रोज साडेसातला टीव्ही लागायचा, रोज बंद व्हायचा. मी एकदा म्हटलं, बघितलं नसेल, गुडघे दुखत असतील. ज्ञानम्मा म्हणाली, गुडघ्यांनी कोण टीव्ही बघतं.

मग जेबाचा फोन आला सेल्वीला. चॅनलच्या ऑफिसात एक म्हातारी भाच्याच्या खांद्यावर हात टाकून स्वतः आली होती, आणि भयंकर चिडलेली. माझी बहीण एवढी वाळली कशी, त्या घरात तिला भात देतात की नाही, सगळ्यांसमोर विचारलं. ते दार कुठे आहे, गाडी कुठली, सांगा, म्हणाली, मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. सेल्वी हे सांगताना रडत होती आणि हसत होती. ज्ञानम्माने सगळं ऐकून घेतलं, उठून आरशासमोर उभी राहिली, गाल चाचपले आणि मला विचारलं, "मी वाळलेय का हो?" मी म्हटलं, नाही, पण आजपासून तूप जास्त घालते, उगाच माझ्यावर यायला नको.

कुणी मला विचारलं, आजी, एवढ्या प्रवासात तुम्ही काय बघितलं, तर चाळीस वर्षं जे रस्ते पायांनी तुडवले तेच बघितले. पण कोणाला तरी दाखवत फिरलं की आपल्यालाही दिसतं. आमच्या दारातून मी रोज दहा वेळा जाते, ते दार कोणी एवढ्या लांबून बघायला निघेल हे कधी मनात आलं नव्हतं. परवा मी त्याला रंग लावून घेतला. ज्ञानम्माला निळा हवा होता, मलाही निळाच हवा होता, त्यामुळे भांडायला काही मिळालं नाही.

जेबाने दिवस पक्का कळवला तो कॅलेंडरवर प्रियाने गोल करून ठेवलाय. बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी, सकाळच्या गाडीने, कल्याणला. जेबा, स्टीफन आणि पेरियक्का.